हवेची सुई

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको. अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि या अकरा वर्षांत माझ्या हातून एकही बाटली गुलाबी झालेली नाही. एकही नाही! आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुणी हे छातीठोकपणे सांगून दाखवावं. शेजारच्या खोलीतल्या संशोधकाच्या महिन्याला दोन होतात. तो त्याला 'प्रयोगातले चढउतार' म्हणतो. त्याचे फक्त उतारच मी पाहिलेत.

आता गुलाबी बाटली म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुमचं बरं चाललंय. तरी सांगतो, कारण त्याशिवाय माझी कशी जिरली ते तुम्हाला कळणार नाही.

आम्ही मिथेन वायू तयार करणारे जीव पाळतो. त्यांना जंतू म्हणू नका, आमच्या मॅडम चिडतात. दिसायला जंतूंसारखे, पण घराणं निराळं. त्यांना आर्किया म्हणतात. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती तेव्हापासून ते आहेत आणि मागाहून हवा आली, ही गोष्ट त्यांनी अजून मनाला लावून घेतलेली आहे. त्यामुळे तळ्याच्या बुडाशी, गाळात, गुराढोरांच्या पोटात, झालंच तर काही माणसांच्याही पोटात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा कोपऱ्यांत ते तोंड फिरवून बसलेले असतात. (कुणाच्या पोटात किती, हा विषय मी घरी एकदाच काढला होता. परत काढलेला नाही.)

आमचे जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड खातात. बस्स. आजार्‍याच्या पथ्यालाही याहून चव असते! सात पायऱ्यांनी ते या दोन वायूंचं मिथेन करतात आणि त्यातून जी चिमूटभर ऊर्जा सुटते तिच्यावर संसार चालवतात. शेवटच्या पायरीवर जे एन्झाइम असतं, त्याच्या पोटात निकेलचा एक कण असतो. त्या कणाला ऑक्सिजनचा वारा लागला की एन्झाइम बंद. एन्झाइम बंद की कारखाना बंद.

म्हणून त्यांना जाड काचेच्या बाटलीत ठेवायचं, वर जाड रबरी बूच, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची टोपी घट्ट आवळलेली. आतल्या पाण्यात एक रंगद्रव्य घातलेलं असतं. हवा नसेल तोवर ते बिनरंगी राहतं. हवा शिरली रे शिरली की पाणी गुलाबी! गुलाबी म्हणजे गेली बाटली.

आणखी एकच सांगतो, मग गोष्ट सुरू. हे जीव पाच भाग वायू खातात आणि एकच भाग मिथेन बाहेर टाकतात. बाकीचं पाणी होतं. त्यामुळे खाणं व्यवस्थित चाललं की बाटलीत पोकळी होते आणि वरचं बूच आत ओढलं जातं. त्याला मधोमध खळी पडते. खळी दिसली की आम्ही खूश! मग बारीक सुईने, हवेचा कणही आत जाऊ न देता, पुन्हा वायू भरायचा. हे काम माझं. अकरा वर्षं.

तर त्या शनिवारी आमच्या इमारतीची वीज दोन दिवस बंद राहणार होती. विजेचं नवं पॅनेल बसवायचं होतं म्हणे. म्हणजे बाटल्यांची उबदार पेटीही बंद. आमच्याकडे त्या वेळी एकूण सहा बाटल्या होत्या. मॅडमनी चौदा वर्षांपूर्वी एका तळ्याच्या गाळातून वेगळी काढलेली ही जात जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि भारी मानी! अतिथंड फ्रीजरमध्ये जपून ठेवावी, तर परत जागी होत नाही. तीनदा करून पाहिलं. म्हणजे त्या सहा बाटल्या हीच सगळी वंशावळ. शिवाय त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी तपासणी समिती यायची होती. जिवंत जात दाखवा, नाहीतर प्रयोगशाळा बंद करून खोली शेजारच्या संशोधकाला देऊ, असं पत्रच आलं होतं.

"तीन तुम्ही घरी न्या, तीन मी नेते," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तुमच्याकडे मांजर आहे."

"मांजर बाटल्या उघडत नाही."

"पाडते तर खरी! सगळ्या माझ्याकडे द्या. आजवर एक तरी गुलाबी झालीये का?"

मॅडम कमी बोलतात. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहतात. त्यांनी तसं पाहिलं आणि म्हणाल्या, "न्या."

त्या 'न्या'मध्ये इशारा होता, हे मला पुढे कळलं.

सहातल्या पाच बाटल्या जोमात होत्या. सहावी आळशी. तीन आठवडे झाले तरी तिच्या बुचाला खळी नाही, पाण्यात गढूळपणा नाही, काही नाही. मी तिला सोमवारी टाकूनच देणार होतो. पण खोक्यात सहा खाचे होते आणि एक रिकामा राहिला की बाकीच्या हिंदकळतात. म्हणून भरतीला घेतली.

आता घरचं सांगतो. घरी मी, बायको आणि तीन महिन्यांपासून सासूबाई. सासूबाई चौतीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर एकट्या कशा राहणार, म्हणून बायकोने त्यांना आणलं. त्या आल्या, पण त्यांचं मन काही आलं नाही. पहाटे साडेपाचला उठून आंघोळ करायच्या, मनगटाला घड्याळ बांधायच्या आणि मग कुठेच जायचं नाही हे आठवून खुर्चीत बसून राहायच्या. ते घड्याळ बघितलं की मला खरोखर वाईट वाटायचं. बोलायला मात्र काही सुचायचं नाही. जावयाला सासूशी काय बोलावं ते कधी सुचत नाही.

त्या दिवशी सुचलं!

"आई," मी खोकं टेबलावर ठेवत म्हणालो, "या सहा बाटल्या दोन दिवस सदतीस डिग्रीवर ठेवायच्यात. जमेल तुम्हाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आचाऱ्याला विचारलं, पाणी उकळता येतं का.

"जावईबापू, चौतीस वर्षं मी सदतीसवरच काढलीत!"

पाच मिनिटांत त्यांनी कपाटातून रबरी पिशवी काढली, गरम पाणी भरलं, दोन टॉवेल घेतले, तीन थर्मामीटर घेतले (एकावर भरवसा ठेवायचा नसतो) आणि वहीचं पान आखून तक्ता तयार केला. दर अर्ध्या तासाला नोंद! तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या घड्याळाला काम मिळालं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने मला खुणेनेच 'वा' म्हटलं. लग्नानंतरचं ते माझं दुसरं 'वा'.

एवढ्यावर थांबलो असतो तर काय बिघडत होतं? पण मी बोलायला लागलो. निराळं घराणं, सात पायऱ्या, निकेल, जांभळ्या प्रकाशात हे जीव निळसर हिरवे कसे चमकतात, सगळं सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं झाली. सासूबाई मान डोलावत होत्या. शेवटी मी मुख्य मुद्द्यावर आलो.

"आणि आई, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे..."

"जेवायला चला!" बायको ओरडली. "सगळं गार झालं! तुझं महत्त्वाचं नंतर सांग."

मी उठता उठता एवढंच म्हणालो, "म्हणजे बूच अजिबात उघडायचं नाही."

"नाही उघडत," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला. हे मी आजही कुणालाही सांगेन. त्यांनी बूच उघडलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर बायकोने मला पडद्याचं कापड बघायला नेलं. ज्याने बायकोबरोबर पडद्याचं कापड बघितलंय त्याला वेळेचं सांगायला नको. चार तासांनी आम्ही घरी आलो, पडदे न घेता. दार सासूबाईंनी उघडलं. चेहरा असा खुललेला! मी त्यांना इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, पाची वाचल्या!"

"वाचल्या? कशातून?"

"अहो, तुम्ही गेलात आणि एकेकीचं बूच आत ओढायला लागलं. छाती कशी आत जाते बाळाची, श्वास मिळेना की? तस्संच! मी म्हटलं, आता जावईबापूंना फोन करून पडद्यांतून उठवू कशाला, आपल्याला काय येत नाही? आमच्या वेळी सलाइनच्या काचेच्याच बाटल्या असायच्या. आत पोकळी झाली की सलाइन उतरायचं थांबायचं. मग काय करायचं? दुसरी सुई लावायची. हवेची!"

माझे पाय जिन्यातच राहिले असावेत. मी आत गेलो ते नुसता वरचा मीच.

टेबलावर टॉवेलच्या घरट्यात सहा बाटल्या ओळीने होत्या. पाचांच्या बुचात एकेक सुई, वर निर्जंतुक कापसाचा बोळा, चिकटपट्टीने नीट बसवलेला. काम असं देखणं की पुस्तकात छापावं! सासूबाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांचा सुयांचा डबा झाला नव्हता.

आणि पाची बाटल्या गुलाबी! नुसत्या गुलाबी नाहीत, गडद गुलाबी.

"सुई लावल्याबरोबर कशा गुलाबी झाल्या बघा! निळं पडलेलं बाळ ऑक्सिजनवर गुलाबी व्हायला लागलं ना, की आम्ही सगळ्या सिस्टर एकमेकींचे हात धरायचो. गुलाबी झालं म्हणजे जगलं!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. कारणं वेगळी.

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? मनात वाक्य तयार होतं. 'आई, ही जात जगातून संपली.' तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, "सगळं ठीक आहे! अगदी ठीक आहे सगळं! वा!"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला त्या 'वा'ची पारख आहे.

"आणि ही सहावी?" मी विचारलं.

"हिला नाही लावली. हिचं बूच सपाट आहे, शांत झोपलीये. झोपलेल्या बाळाला उगाच सुई टोचू नये."

सोमवारी सकाळी मी खोकं मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडमनी झाकण उघडलं, बघितलं, झाकण लावलं.

"किती?"

"पाच."

"सहावी?"

"आळशी."

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी आहे. मग म्हणाल्या, "कसं झालं?"

"माझ्याकडून झालं," मी म्हणालो. सासूचं नाव कोण सांगणार? "हवा गेली."

"पाचांमध्ये?"

"हो. एकेक करून."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. हा माणूस रविवारी दुपारी घरी बसून नक्की काय करत होता, हे कोडं त्यांना पडलं असणार. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतकं त्यांनी विचारलं नाही.

मग आम्ही खटपट सुरू केली. पाचांमध्ये सल्फाइडचं द्रावण टाकलं. ते ऑक्सिजन शोषून घेतं. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वास सोडला तर गुणी आहे. गुलाबी रंग उतरला, पाणी पुन्हा बिनरंगी झालं. ताजा वायू भरला. मंगळवारी बुचं सपाट. बुधवारी सपाट. पुढच्या सोमवारीही सपाट. रंग गेला, पण भूक काही परत आली नाही. पाची गेल्याच होत्या.

उरली आळशी. तिलाही वायू भरून कोपऱ्यात ठेवली. चौदा वर्षांचं काम, मॅडमची खोली आणि माझी इज्जत हे सगळं आता जी बाटली मी केराच्या डब्यात टाकणार होतो तिच्यावर होतं. मी तिला रोज सकाळी जाऊन बघायचो. एकदा तर तिला हात जोडले. शेजारच्या संशोधकाने पाहिलं आणि काही न बोलता गेला. जाताना मात्र त्याने आमच्या खोलीच्या खिडक्या नजरेने मोजल्या.

घरी रोज संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "बाळं कशी आहेत?"

"पाची मजेत!" मी म्हणायचो. "गुलाबी गुलाबी!"

एक खोटं बोललं की त्याची पोरंबाळं होतात. आमच्या आर्कियांपेक्षा वेगाने! पाचांनी वजन धरलं, असं मी सांगितलं. मॅडम खूश आहेत, असं सांगितलं. समितीला त्याच दाखवणार, हेही सांगून बसलो. सासूबाई मान डोलवायच्या आणि तक्त्याचं पान नीट घडी करून पर्समध्ये ठेवायच्या.

समिती शुक्रवारी. गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास गेटवरून फोन आला.

"साहेब, तुमच्या सासूबाई आल्यात. बाळांना बघायचं म्हणतायत. आपल्याकडे बाळं आहेत का?"

पाची बाटल्या बिनरंगी होत्या! आणि मी दहा दिवस गुलाबी गुलाबी म्हणून नाचत होतो. गेटपासून आमच्या खोलीपर्यंत पाच मिनिटं. सासूबाईंच्या गुडघ्यांना आठ.

मग मी काय केलं असेल? सिरिंज घेतली. खोलीतली साधी, स्वच्छ, जीवघेणी हवा तिच्यात भरली आणि पहिल्या बाटलीच्या बुचात सुई खुपसली. सल्फाइड होतं, त्यामुळे एका सिरिंजने भागेना. दुसरी मारली, तिसरी मारली, बाटली गदागदा हलवली. आली हळूहळू गुलाबी! मग दुसरी. मग तिसरी. अकरा वर्षं ज्या हाताने एक बाटली गुलाबी होऊ दिली नाही, त्या हाताने मी घाम पुसत पुसत पाच केल्या!

पाचवीत सुई असतानाच मागून आवाज आला.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे असं झालं होतं तर."

"नाही मॅडम! तेव्हा असं नव्हतं! हे आत्ता आहे!"

"तेवढं मला दिसतंय."

मी पुढे काही बोलणार, तोच दारात सासूबाई! इस्त्रीचे कपडे, मनगटाला घड्याळ, खांद्याला पर्स.

"या मॅडम ना? नमस्कार. मी यांची सासू. तुमच्या या पाच बाटल्या आहेत ना, या पाची माझ्या हातच्या! मी सुया लावल्या."

मॅडमनी बाटल्यांकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. रागाने नव्हे. एखादं बिघडलेलं यंत्र चक्क चांगलं निघावं, तसं.

"बसा," त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली. "हात कसलेला आहे तुमचा."

सासूबाईंनी पर्समधून तक्ता काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. मॅडमनी तो वाचला. वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत. "छत्तीस तास," त्या म्हणाल्या, "आणि अर्ध्या डिग्रीचाही फरक नाही? आमचं मशीनसुद्धा इतकं नीट चालत नाही."

"मशीनला काळजी नसते," सासूबाई म्हणाल्या.

मी निश्वास सोडला. आता चहा पाजायचा आणि रिक्षात बसवून द्यायचं, की सुटलो! पण त्या उठल्या आणि थेट कोपऱ्यातल्या उबदार पेटीपाशी गेल्या. काचेतून आत डोकावल्या.

"ही का एकटी कोपऱ्यात?"

"ती आळशी आहे, आई. तिचं काही खरं नाही."

"असं म्हणू नये. काही बाळं उशिरा रडतात." त्यांनी पेटी उघडली, बाटली अलगद उचलून छातीशी धरली. वरून बघून म्हणाल्या, "अगं बाई! हिचं बूच बघा. आत गेलंय की!"

आणि त्यांचा उजवा हात पर्समध्ये गेला.

"नको!" मी ओरडलो. "नको!" मॅडम ओरडल्या. त्या ओरडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी टेबलावरूनच झेप घेतली. झेप चांगली होती, पण तिच्या वाटेत माझं कोपर आलं आणि कोपराच्या वाटेत पाच बाटल्यांचं स्टँड. खळ्ळ! पाची बाटल्या जमिनीवर! गुलाबी पाणी चारी दिशांना धावलं आणि सल्फाइडचा तो वास असा उठला, की दोन मिनिटांत अख्खा मजला जिन्यात. शेजारचा संशोधक सर्वांत पुढे!

मी काचांमध्ये आडवा पडलेलो. आणि माझ्या डोक्यावर, एका हाताने बाटली छातीशी घट्ट धरून, सासूबाई जागच्या हलल्याही नव्हत्या. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बाळ पडलं नव्हतं.

मॅडमनी पुढे होऊन बाटली घेतली. बुचावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खळी होती! सकाळी मी बघितलं तेव्हा बूच सपाट होतं. मग नाकाला रुमाल लावून त्यांनी त्यातला एक थेंब काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या प्रकाशात धरला. बराच वेळ डोळा लावून होत्या.

"दिवे लागलेत," त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "बघा."

मी बघितलं. काळ्याभोर अंधारात इवल्या इवल्या निळसर हिरव्या कांड्या, एकीला लागून एक. जिवंत! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वासाने, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला खरं सांगतो, आनंदाने.

समितीचं सांगून टाकतो. शुक्रवारपर्यंत वास काही गेला नाही. समितीतल्या तिघांनी नाकं दाबून ते दिवे बघितले, 'जात जिवंत' असं लिहून सह्या केल्या आणि सात मिनिटांत जिना उतरले. इतकी झटपट तपासणी आमच्या इमारतीत कधी झाली नव्हती. खोली तर कुणालाच नको होती.

पण माझी खरी तपासणी गुरुवारी संध्याकाळीच झाली. सासूबाईंना घेऊन मी रिक्षाने घरी येत होतो. आमच्या कपड्यांच्या वासामुळे रिक्षावाला मान बाहेर काढून चालवत होता.

"आई," मी म्हणालो, "तुमच्या पाच बाटल्या माझ्याकडून फुटल्या. माफ करा. चांगल्या गुलाबी होत्या."

"मेलेल्याच होत्या की," सासूबाई म्हणाल्या.

मी चटकन त्यांच्याकडे वळलो.

"पहिल्याच दिवशी कळलं मला. 'सगळं ठीक आहे' तुम्ही दोनदा म्हणालात. जावईबापू, चौतीस वर्षं मी वॉर्डाच्या दारात उभी राहून आईबापांना 'ठीक आहे हो' सांगत आले. ते कसं म्हणतात ते मला तुम्ही शिकवणार?"

"मग रोज विचारायचात कशाला?"

"सहावीचं विचारायची. तुम्ही आपले पाचांचंच पुराण लावायचात." त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली. "चूक माझी होती, आणि तुम्ही माझ्यासाठी एवढं खोटं बोलत होतात. म्हटलं, बोलू दे बिचाऱ्याला. आज म्हटलं, आपणच जाऊन बघावं."

काय बोलावं ते मला पुन्हा सुचेना. पण या वेळी त्याचं काही वाटलं नाही. घर जवळ आल्यावर मी विचारलं, "पण सगळं कळलं होतं, तर पर्समध्ये सुईसाठी हात का घातलात?"

"सुईसाठी?" सासूबाई म्हणाल्या. "चष्म्यासाठी! बूच नीट दिसत नव्हतं मला."

तर सांगायचा मुद्दा असा, की अकरा वर्षांत माझ्या हातून फक्त पाच बाटल्या गुलाबी झाल्या. त्याही आधीच मेलेल्या होत्या, एवढं कृपया लक्षात असू द्या. आळशीचा वंश आता आठ बाटल्यांत वाढलाय. मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाई येऊन तापमान बघतात आणि मॅडमनी पेटीची किल्ली त्यांच्याकडे दिलीय. माझ्याकडे नाही.